उसनं खमीर

लॅपकूम गावात शुक्रवार उजाडला की डॅमरिस कर्सलेक आपली कानतुटकी बरणी घेऊन टेकडी चढायची आणि थर्झा यिओच्या दारात जाऊन उभी राहायची. पाव फुगवायला खमीर हवं असायचं. याला मागणं म्हणायचं ते आपलं म्हणायला. खरं तर ते खमीर डॅमरिसचंच. थर्झा लग्न होऊन या गावात आली तेव्हा तिच्या रिकाम्या संसारात पहिली गेली ती डॅमरिसच्या घरच्या खमिराची वाटी. पुढे एका उन्हाळ्यात डॅमरिसचं खमीर नासलं, थर्झाचं टिकलं, आणि तेव्हापासून ते टेकडीवरच नांदायला लागलं. मूळ कुणाचं आणि उसनं कुणाचं, याचा हिशेब दोघींनी कधी केला नाही. शेजार म्हणजे तरी दुसरं काय असतं?

त्या शुक्रवारी थर्झाचं दार बंद होतं. डेव्हनच्या त्या डोंगराळ भागात दिवसाउजेडी दार लावून बसलेलं घर म्हणजे आत मयत तरी, नाहीतर भांडण तरी. थर्झाची टॅमसिन, लग्नाच्या वयाची एकुलती एक पोर, गवतकापणीच्या दिवसांत अंथरुणाला खिळली होती ती उठलीच नव्हती. पाय हलत नव्हते, घशाखाली घास उतरत नव्हता. गेली की काय पोर, असं मनात येऊन डॅमरिसनं दार बडवलं.

दार हातभर उघडलं. फटीत थर्झाचा चेहरा, आणि तिच्यामागून जळक्या मांसाचा वास.

"काय हवंय?" थर्झानं विचारलं.

"काय हवंय म्हणजे? शुक्रवार ना गं आज? खमीर दे. आणि पोर कशी आहे? काल पोटात काही गेलं का?"

"तू मागायला आलीस."

"मग काय द्यायला येऊ? एवढी वर्षं मागायलाच येते की." डॅमरिस हसली. थर्झा हसली नाही. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला आणि ती मागे वळून ओरडली, "एबल! आली! अरे, हीच आहे ती, हीच!"

दार धाडकन लागलं. पण त्याआधी डॅमरिसला चूल दिसली होती. धुराड्याच्या आडव्या लाकडाला दोरी बांधली होती, दोरीला मेंढीचं काळीज लटकत होतं, आणि त्यात इतक्या टाचण्या आणि काटे खोचले होते की मांस दिसायला जागा उरली नव्हती. खाली विस्तवावर चरबीचे थेंब पडत होते.

ते काय आहे हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिनंच तर सांगितलं होतं. कधीतरी हिवाळ्यात मोजे विणत बसलेल्या थर्झाला तिनं आपल्या आजीच्या काळातल्या गोष्टी सांगितल्या होत्या. घरातल्या कुणावर करणी झाली, तर मेंढीच्या काळजात टाचण्या टोचायच्या आणि दारं लावून ते विस्तवावर भाजायचं. करणारणीच्या छातीत आग पेटते, तिला घरी बसवत नाही, ती काहीतरी उसनं मागायचं निमित्त काढून धावत येते. पहिली जी येईल ती चेटकीण. तिला चिमूटभर मीठसुद्धा द्यायचं नाही. गोष्ट सांगणारी डॅमरिस आणि दारात येणारीही डॅमरिस. आपल्याच हातानं पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच.

शुक्रवारी सकाळी काळीज भाजायला घेतल्यावर दारात कोण येणार, हे गावातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. पण जिची पोर डोळ्यांदेखत वाळत चालली आहे त्या आईला वार कुठला आठवायला! डॅमरिस रिकामी बरणी घेऊन टेकडी उतरली. तिच्या छातीत खरंच आग पेटली होती, पण ती अपमानाची.

ती खाली पोचायच्या आत बातमी पोचली असावी. लोहाराची बायको विहिरीवर होती. एरवी डॅमरिसला पाहिलं की तिच्या तोंडाचा पट्टा थांबत नसे. आज तिनं बादली अर्धीच भरून उचलली आणि चेटकिणीची नजर लागू नये म्हणून अंगठा मुठीत दाबून वाट सोडली. तिची तिन्ही मुलं डॅमरिसच्या हातावर जन्मली होती.

दोन-चार दिवस गेले. मग एका दुपारी एबल यिओ, टॅमसिनचा बाप, फाटकाशी येऊन उभा राहिला. एबल घरं शाकारायचा. निसरड्या छपरावर बिनधास्त चालणारा माणूस, पण त्या दिवशी सपाट जमिनीवर त्याचे पाय ठरत नव्हते. डॅमरिसच्या फाटकाला लागून रोवनचं झाड होतं. लाल फळांनी ते लगडलं होतं. चेटूक, करणी, वाईट नजर यांना रोवनसारखा उतारा नाही, आणि चेटकिणीनं रोवनला हात लावला तर तिचा हात पोळतो, हे तिकडच्या पोरांना पावलं टाकण्याआधी कळतं. एबल मुद्दाम त्या झाडाखाली उभा होता, हे डॅमरिसनं पाहिलं.

"मावशी, इथूनच बोलतो."

"आत ये म्हटलं तर येशील?"

एबल झाडाच्या खोडाला आणखी चिकटला.

"बघ. म्हणून म्हणते, इथूनच बोल."

"मी बार्नस्टेपलच्या जाणत्याकडे जाऊन आलो," तो म्हणाला. हा जाणता करणी उतरवणारा म्हणून त्या मुलखात प्रसिद्ध होता. "तो म्हणाला, नुसतं काळीज भाजून भागायचं नाही. रक्त काढायला हवं. नाकातोंडाच्या वर, कपाळातून. पोरीनं स्वतःच्या हातानं."

"कुणाचं रक्त ते नीट सांग. एवढा काय घाबरतोस?"

"तुझं."

डॅमरिसनं हातातली वाळकी फांदी गुडघ्यावर मोडली. "तुझी पोर पायाळू होती, एबल. आठवतं? आई आणि पोर दोघी जाणार म्हणून तू गोठ्यात जाऊन रडत बसला होतास. या हातांनी बाहेर काढली तिला. तिच्या पाळण्याला रोवनची डहाळी कुणी बांधली? लाल दोऱ्यानं? मीच ना?"

"आठवतं. म्हणून तर मान वर करवत नाही."

"तुला वाटतं मी केलं?"

"मला काय वाटतं ते कोण विचारतो, मावशी? तिला वाटतं! डोळे मिटले की तू दिसतेस म्हणते. पाणी पाजायला गेलं की म्हणते, घशात गाठ आहे, मावशीनं मारलीय, तीच सोडवेल. डॉक्टर बघून गेला. म्हणाला, शरीरात खोट नाही. मग आता काय करू? खोट नसलेली पोर पुरू?" त्याचा आवाज फाटला. "पाद्रीबाबांना कळलं तर ते मला चर्चमध्ये उभं करणार नाहीत. फौजदाराला कळलं तर आत टाकेल. टाकू दे. पोर जगू दे."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर मी जाईन परत. धरून नेणार नाही तुला. तेवढी लाज आहे अजून."

"जा मग," डॅमरिस म्हणाली आणि घरात गेली.

तिला राग आला होता, आणि तो खरा होता. सगळ्या गावाच्या बाळंतपणांत, आजारांत, मयतांत ती सर्वांत आधी धावली होती. तिच्याकडे शेत नव्हतं, नवरा नव्हता, पोटची पोर जोन घटसर्पानं गेली होती. होतं ते एक नाव. डॅमरिस मावशी म्हटलं की लोक दार उघडत. कपाळातून रक्त काढू दिलं की कबुलीच दिल्यासारखं होतं. मग मरेपर्यंत ती चेटकीण, आणि मेल्यावर तिच्या थडग्यावरून पोरं उड्या मारत जाणार. टेकडीवर नाही गेली, तर नाव निदान अर्धंमुर्धं तरी राहील, आणि पोर जाईल. एवढाच मामला होता, आणि तो तिनं उभ्या जन्मात कुणाला न सुटलेल्या कोड्यासारखा उलटसुलट करून पाहिला तरी बदलेना.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तिनं रविवारची टोपी घातली, तिच्या फिती हनुवटीखाली नीट बांधल्या आणि टेकडी चढली.

थर्झानं दार उघडलं आणि बाजूला झाली. वर माडीवर टॅमसिन पडली होती. गालांची हाडं वर आली होती, मनगटं काटकुळी झाली होती. डॅमरिसला पाहताच पोर भिंतीकडे सरकली. या पोरीनं चालायला शिकताना पहिलं पाऊल डॅमरिसच्या घागऱ्याला धरून टाकलं होतं. डॅमरिसच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं ते तिथेच थोपवलं.

ती पलंगाशी गुडघे टेकून बसली आणि टोपी काढली. "दे गं हिच्या हातात," ती थर्झाला म्हणाली. थर्झानं एप्रनच्या खिशातून मोठी टाचणी काढून पोरीच्या बोटांत दिली.

"इथे," डॅमरिसनं भुवयांच्या मधे बोट ठेवलं. "आणि नीट टोच. वरवर ओरखडा काढलास तर मला पुन्हा टेकडी चढावी लागेल, आणि माझे गुडघे काही आता तसे राहिले नाहीत."

टॅमसिनला हसू आलं नाही. तिनं टाचणी पुढे केली, अर्ध्यात थांबली. "मावशी," ती जेमतेम ऐकू येईल अशी बोलली, "का केलंस गं?"

यावर काय बोलायचं ते डॅमरिस ठरवून आली नव्हती. मी काही केलं नाही, हे शब्द ओठांपर्यंत आले होते. ते खरे होते आणि तिच्या हक्काचे होते. पण समोर पोरीचे डोळे होते, आणि त्या डोळ्यांना खरं ऐकायचं नव्हतं, सुटायचं होतं.

"झालं गं माझ्याकडून," डॅमरिस म्हणाली. "आता सोडते तुला. टोच."

टाचणी रुतली आणि कपाळावरून खाली ओढली गेली. रक्त नाकाच्या कडेनं ओठांपर्यंत आलं. पोरीनं ते पाहिलं, आणि पाहता पाहता तिच्या खांद्यातला ताठपणा गेला. तिनं दीर्घ श्वास घेतला, घसा चाचपला आणि आईला म्हणाली, "आई, भूक लागलीय."

थर्झा ओक्साबोक्शी रडायला लागली. रडता रडता तिनं रश्शाचं भांडं आणलं, पोरीला भरवलं, आणि पोरीनं ते शेवटच्या थेंबापर्यंत खाल्लं. डॅमरिस टोपी हातात घेऊन जिना उतरली. तिला कुणी तोंड पुसायला फडकं दिलं नाही. चेटकिणीच्या हाती घरातली वस्तू जाऊ द्यायची नसते.

टॅमसिन उठली. आधी पलंगाच्या कडेला बसली, मग भिंत धरून चालली, आणि सफरचंदं उतरवायच्या दिवसांत आईचा हात धरून चर्चला आली. गावाला याहून मोठा पुरावा कशाला हवा होता? डॅमरिसच्या बाकावर तिच्याशेजारी कुणी बसेना. लोहाराच्या सुनेचं बाळंतपण आलं तेव्हा पलीकडच्या गावातून दुसरी बाई आणली. खमीर तर कुणीच देईना. डॅमरिस पिठाच्या चपट्या, कडक पोळ्या तव्यावर भाजून खायची. दात होते तेवढ्यांची सत्त्वपरीक्षाच ती.

हे सगळं होणार, हे धरूनच ती टेकडी चढली होती. एक गोष्ट मात्र तिनं धरली नव्हती, आणि ती तिला आतून कुरतडत होती. रक्त काढलं आणि पोर उठली, म्हणजे उतारा लागू पडला होता. आणि उतारा लागू पडला म्हणजे करणी होती. डॅमरिस काही शहरातली शिकलेली बाई नव्हती की हे सगळं थोतांड म्हणून सोडून देईल. आजीपासून चालत आलेलं तिचं सगळं शहाणपण हेच सांगत होतं. शिवाय आजी असंही म्हणायची, की नजर लावणारणीला कित्येकदा स्वतःलाच ठाऊक नसतं. मनात एखादी हाव उठते आणि डोळ्यांवाटे निसटते.

आणि तिच्या मनात उठली होती. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी टॅमसिन डोक्यावर फुलांचं कडं आणि अंगात पांढरा झगा घालून मैदानात नाचत होती. तिला पाहताना डॅमरिसला आपली जोन आठवली होती, आणि एक क्षणभर, अगदी एकच क्षण, तिला वाटलं होतं, हीच का राहिली, माझी का नाही? तो विचार तिनं लगेच झटकला होता. पण झटकलेला विचार जातो कुठे? माडीवर ती जे खोटं बोलली होती, ते खरंच असलं तर?

फाटकाजवळच्या रोवनखालून जायचं तिनं सोडून दिलं. हात लावून पाहणं सोपं होतं, पण लावला आणि पोळला, तर? तो प्रश्न विचारायचीच तिला छाती होईना. ती मागच्या बाजूनं, खाजकुइलीतून आणि चिखलातून, कुंपणाच्या भगदाडातून ये-जा करू लागली. गावानं तेही पाहिलं आणि माना डोलावल्या. चेटकिणीला रोवनखालून जाता येत नाही, बघा!

मग थंडी पडायला लागली तेव्हाची गोष्ट. शुक्रवार होता. डॅमरिस सकाळी दार उघडते तो फाटकाच्या खांबावर एक बरणी ठेवलेली. तिनं लांबूनच ओळखली. यिओंच्या घरची निळ्या काठाची बरणी. तोंडाला ओलं फडकं बांधलेलं, आणि फडक्याच्या मधोमध उठलेला फुगा. खमीर! तिच्या तोंडाला पाणी सुटलं, आणि त्याच क्षणी तिला बरणीच्या गळ्यात बांधलेली डहाळी दिसली. रोवनची, लाल दोऱ्यानं. थर्झा काही हे करायची नाही. म्हणजे पोरीनंच आईचा डोळा चुकवून आणून ठेवलं होतं. द्यायचं तर होतं, पण चेटकिणीच्या हाती घरचं खमीर नुसतं कसं द्यायचं? म्हणून डहाळी.

डॅमरिस कुंपणाच्या भगदाडातून वळसा घालून फाटकाच्या बाहेरच्या बाजूला आली. गल्लीकडे पाठ करून ती बरणीसमोर उभी राहिली. डहाळी बरणीला अशी बेतानं आडवी बांधली होती की तिला न शिवता बरणी उचलणं शक्य नव्हतं. गाठ सैल होती. पोरीला गाठ कधी धड मारता आलीच नाही, किती वेळा शिकवली तरी.

"असू दे," डॅमरिस स्वतःशी म्हणाली. "जोनला एकदा भेटायचंच आहे वर. काय तोंड घेऊन जायचं ते तरी कळू दे." आणि तिनं डहाळी मुठीत धरली.

काही झालं नाही.

तिनं मूठ आणखी आवळली. सालीचा गारवा तळहाताला लागला, एक फळ फुटून बोटांना चिकट रस लागला. पोळलं नाही. साधं झोंबलंसुद्धा नाही. तिनं सैल दोऱ्यासकट डहाळी बरणीवरून काढून गालाला लावली, कपाळावरच्या खुणेला लावली. ती खूण पोळली नाही, काही नाही. मी नव्हते! तिच्या अंगातून आनंदाची अशी लाट आली की तिला फाटकाचा खांब धरावा लागला. मी नव्हते, जोन, मी कुणाचं वाईट केलं नाही! तिला वाटलं, असंच डहाळी हातात धरून चौकात जावं, लोहाराच्या बायकोच्या नाकासमोर नाचवावी, रविवारी चर्चमध्ये घेऊन जावी. या, बघा, डोळे फाडून बघा!

तेवढ्यात मागे पाचोळा वाजला. तिनं खांद्यावरून हळूच पाहिलं. गल्लीपलीकडच्या कुंपणाआडून टॅमसिन वाकून बघत होती. गालांवर मांस आलं होतं, थंडीनं नाक लाल झालं होतं, आपल्या दोन पायांवर ती भक्कम उभी होती. पण चेहरा मात्र त्या माडीवरचा होता. अंगठा मुठीत दाबलेला, आणि दुसरा हात घशावर. डॅमरिसच्या पाठीमुळे तिला अजून बरणी दिसत नव्हती. ती वाट बघत होती.

डॅमरिसचा आनंद जागच्या जागी थांबला. मी नव्हते, तर मग पोरीला काय झालं होतं? आणि माझ्या रक्तानं करणी उतरली नसेल, तर ती उठली कशावर? मावशीनं गाठ मारली, मावशीनं सोडली. तेवढ्या एका समजुतीवर ती पोर उभी होती, आणि आता तिचा हात आपल्या घशावर होता. मावशीनं गाठ मारलीच नव्हती असं कळलं, तर ती सुटली असं तरी पोर कशी मानेल?

डॅमरिसनं डोळे मिटले. डहाळी पुन्हा होती तशी बरणीच्या गळ्यात अडकवून ती बाजूला सरकली, सगळी बरणी पोरीला दिसेल अशी. मग तिनं सावकाश हात पुढे केला, डहाळीला बोटं लावली, आणि किंचाळली.

"आई गं! मेले! पोळलं!"

तिनं हात झटकला, काखेत दाबला, फाटकाशी वाकून कण्हली. कधी नाटक म्हणून पाहिलं नव्हतं आयुष्यात, पण बाळंतिणींचं कण्हणं तिनं भरपूर ऐकलं होतं. मग तिनं कुंपणातली काठी उपसली, काठीनं डहाळी ढकलून खाली पाडली, आणि बरणी एप्रनमध्ये गुंडाळून उचलली.

कुंपणाआड टॅमसिननं घशावरचा हात काढला. तिचा चेहरा मोकळा झाला. ती वळली आणि टेकडीकडे पळत सुटली. घागरा दोन्ही हातांनी उचलून, चिखल उडवत, बापानं हाक मारली तरी थांबणार नाही अशी. डॅमरिस ती वळणाआड दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. या हातांत ते पाय आधी आले होते, डोकं मागून.

"पळ," ती म्हणाली. "पळ गं बाई."

मग तिनं इकडेतिकडे पाहिलं. गल्लीत कुणी नव्हतं. तिनं वाकून डहाळी उचलली, मातीत भिजलेला लाल दोरा पुसला आणि घरात गेली. दार लावून घेतलं. डहाळीची गाठ सोडवून तिनं ती नीट, तीन वेढ्यांची, जशी पाळण्याला बांधतात तशी पुन्हा मारली, आणि कुणाला दिसणार नाही अशी भट्टीच्या मागच्या बाजूच्या खिळ्याला अडकवली. मग बाह्या वर करून ती कणीक मळायला बसली. खमीर चांगलं होतं, ताजं आणि जोरकस. दुपारपर्यंत पीठ परातीच्या वर आलं.